तिसऱ्या मजल्याचं अर्धं मिनिट

हॉस्पिटलात मला सगळे वायरताई म्हणतात. पहिल्या वर्षी राग यायचा. मग सवय झाली, आणि आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मी मागे वळूनसुद्धा बघत नाही. एकोणीस वर्षं मी या इमारतीचं नेटवर्क सांभाळते आहे. पाच मजले, एक तळघर, भिंतींतून आणि छताच्या पोकळीतून गेलेल्या शेकडो केबली, आणि प्रत्येक मजल्यावर एका अरुंद खोलीतल्या लोखंडी कपाटात बसवलेला स्विच. हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. चपटी पेटी असते, तिला अठ्ठेचाळीस भोकं, प्रत्येक भोकात एक केबल आणि केबलच्या पलीकडच्या टोकाला कुणाचा तरी कॉम्प्युटर, फोन नाहीतर तपासणीचं मशीन. एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं, एवढंच त्या पेटीचं काम. ते नीट चाललेलं असलं की माझी कुणाला आठवण येत नाही. आठवण आली की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

त्या मंगळवारी सकाळी दहा वाजून आठ मिनिटांनी सगळ्या इमारतीला माझी आठवण आली.

मी पाचव्या मजल्यावर स्टुलावर चढून एका स्विचचा पंखा बदलत होते. खिशातला मोबाइल वाजला. रक्ततपासणीच्या लॅबमधून फोन होता. "वायरताई, आमचे स्क्रीन गोठलेत. मशीनवर रिपोर्ट दिसतोय, पण पुढे जात नाही." तो ठेवतेय तोवर दाखल विभागाचा, मग औषधांच्या खिडकीचा. टेबलावरचे फोनही बंद पडले होते, कारण तेही याच केबलींवरून बोलतात. मी पंखा तसाच लोंबकळत टाकला आणि जिन्याने तळघरात धावले.

तळघरात मुख्य स्विच आहे. सगळे मजले त्याला येऊन मिळतात. एरवी त्याचे हिरवे दिवे आपापल्या लयीत लुकलुकत असतात, कुणी घाईत, कुणी निवांत. त्या दिवशी सगळे एकदम थरथरत होते, थंडी वाजून आल्यासारखे. असं दिसलं की पहिला संशय लूपचा घ्यायचा, हे मी शिकायला येऊन गेलेल्या कितीतरी मुलांना शिकवलं आहे.

लूप मी त्यांना अशी समजावते. एखादा निरोप नेमका कुणासाठी आहे हे स्विचला कळलं नाही, तर तो निरोप सगळ्या दारांतून, म्हणजे त्या भोकांतून, बाहेर सोडतो. ज्याचा असेल तो घेईल. पण त्यातलंच एखादं दार फिरून त्याच स्विचच्या दुसऱ्या दाराला जोडलेलं असेल, तर तोच निरोप तिकडून परत आत येतो. स्विचला वाटतं, नवा आला. तो पुन्हा सगळीकडे सोडतो. हा निरोप म्हातारा होत नाही, दमत नाही, मरत नाही. फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीला वाढतो. काही सेकंदांत सगळ्या केबली त्या एकाच निरर्थक निरोपाने गच्च होतात आणि खऱ्या बोलण्याला आत शिरायला जागा उरत नाही.

हे होऊ नये म्हणून स्विचमध्ये एक सोय असते, तिला स्पॅनिंग ट्री म्हणतात. सगळे स्विच दर दोन सेकंदांनी एकमेकांना एक लहानशी चिठ्ठी पाठवतात: मी इथे आहे आणि मुख्य स्विच माझ्यापासून इतका लांब आहे. त्यावरून ते आपसांत ठरवून कुठूनही कुठेही जायला एकच वाट चालू ठेवतात आणि जास्तीच्या वाटा मिटून टाकतात. चालू वाट तुटली तर मिटलेली उघडतात. आणि आपणच पाठवलेली चिठ्ठी दुसऱ्या दारातून आपल्याकडे परत आली, तर स्विच समजतो की इथे घोळ आहे, आणि ते दार गुपचूप बंद करतो. माणसांना पत्ताही लागत नाही. या सोयीची किंमत एवढीच की नवी केबल लावली की स्विच लगेच दार उघडत नाही. अर्धं मिनिट कान देऊन ऐकतो, घोळ नाही ना याची खात्री करतो, मगच उघडतो.

आमच्या इमारतीत ही सोय प्रत्येक मजल्यावर चालू होती. निदान मी तसं धरून चालले होते. त्यामुळे दिवे बघून मनात लूप आली तरी मी ती झटकून टाकली. शक्यच नाही म्हटलं. मुख्य स्विचच बिघडला असणार. मी तो बंद करून चालू केला. तो उठायला दहा मिनिटं घेतो. उठला, आणि पुन्हा थरथरायला लागला. मी आणखी एकदा तेच केलं. मग सुटा पडलेला जुना स्विच काढून त्याच्या जागी बसवला. तोही तसाच थरथरला. घड्याळात सव्वाअकरा होऊन गेले होते. माझा एक तास माझ्या खात्रीने खाल्ला.

शेवटी मी जे पहिल्या मिनिटाला करायला हवं होतं ते केलं. एकेका मजल्याच्या केबली उपटायला लागले. पहिला मजला तोडला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याच्या केबली ओढल्या आणि दिवे एकदम शांत झाले. पहिले दोन परत जोडले आणि तिसरा सोडून सगळी इमारत जागी झाली. मी जिने चढून तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेले आणि डावीकडून एकेक केबल काढायला सुरुवात केली. एकतिसावी काढल्यावर तिथले दिवे निवळले. तिच्यावरच्या चिठ्ठीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: मेडिसिन वॉर्ड, सिस्टरांचं टेबल, भिंतीची डावी बाजू.

वॉर्डात शिरले तेव्हा चौदा नंबरच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. आतून एक पुरुषी आवाज, छातीवर दाब देताना मोजतात तसे, मोठ्याने आकडे मोजत होता. एक ते तीस, मग क्षणभर थांबून पुन्हा एक ते तीस. दारापाशी पन्नाशीला टेकलेली एक बाई उभी होती, दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून. मी तिच्या शेजारून गेले आणि गुडघ्यांवर बसून सिस्टरांच्या टेबलाखाली शिरले. तिथे एक करडी केबल होती. तिचं एक टोक भिंतीतल्या एका सॉकेटमध्ये होतं आणि दुसरं टोक वीतभर अंतरावरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये. मधे कॉम्प्युटर नाही, फोन नाही, काहीच नाही. मी ती उपटली. परत जाऊन मजला जोडला आणि सगळं चालू झालंय ना, हे बघायला वॉर्डात आले.

टेबलावरचा स्क्रीन जागा झाला होता. अडकून पडलेले रिपोर्ट एकामागून एक येत होते. सर्वांत वर लाल अक्षरांत चौदा नंबरचा रिपोर्ट होता. रक्तातलं पोटॅशियम, धोक्याच्या पातळीच्या किती तरी वर. वेळ दहा वाजून अकरा मिनिटं.

मी तो वाचत होते तेव्हा पडद्यामागचं मोजणं थांबलं.

गेलेले गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे. आयुष्यभर त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले होते. मूत्रपिंडाच्या त्रासाने दोन दिवसांपूर्वी दाखल झाले होते. दारातली बाई त्यांची मुलगी. ती लहान मुलांना पोहायला शिकवते हे मला पुढे कळलं. लॅबच्या लोकांनी आपल्याकडून हयगय केली नव्हती. टेबलावरचे फोन चालेनात, वॉर्डातल्या कुणाचे मोबाइल नंबर लॅबमध्ये नव्हते, म्हणून त्यांनी रिपोर्ट हाताने लिहून काढले आणि एका माणसाला पाच मजले पळवलं. चौदा नंबरची चिठ्ठी अकरा पंचवीसला पोचली. त्यांचं हृदय अकरा वीसला थांबलं होतं.

ती केबल मावशींनी लावली होती, हे त्याच दुपारी निष्पन्न झालं. मावशी म्हणजे वॉर्डातली झाडलोट, पाणी, खाटा ओढणं, सगळं बघणाऱ्या बाई. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. फरशी पुसायला टेबल सरकवलं, कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूला गेला, आणि जुनी केबल एक टोक भिंतीत, एक टोक जमिनीवर अशी पडून राहिली. मावशींनी ते टोक उचललं आणि समोरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये बसवून टाकलं.

बुधवारी सकाळी मी तळघरात दार लावून बसले. केबल कुणी लावली याचं मला काही वाटत नव्हतं. माणसं असं करणारच. मला एकच कोडं होतं: तिसऱ्या मजल्याच्या स्विचने ते दार बंद का केलं नाही? मी त्याला दिलेल्या सूचना पहिल्यापासून वाचत गेले. मधेच एक ओळ होती. संपूर्ण स्विचवर स्पॅनिंग ट्री बंद. ही ओळ कधी आणि कुणी लिहिली तेही त्याने जपून ठेवलं होतं. सहा वर्षांपूर्वीची तारीख. लिहिणारी मी.

आणि मग सगळं डोळ्यांसमोर आलं. हृदयाची सोनोग्राफी करणारं नवं मशीन तेव्हा नुकतंच आलं होतं. चाकांवरचं, या खोलीतून त्या खोलीत ढकलत न्यायचं, मिळेल त्या सॉकेटला जोडायचं. पण ते मशीन मोठं उतावळं. स्विच अर्धं मिनिट ऐकत बसायचा आणि हे विसाव्या सेकंदाला हात टेकायचं: नेटवर्क नाही. हृदयविभागाचे मोठे डॉक्टर माझ्या डोक्यावर उभे होते. "बाई, पेशंट टेबलावर आहे. तुमचं ते अर्ध्या मिनिटाचं कौतुक मला नको." नीट करायचं तर प्रत्येक सॉकेटला वेगळं सांगावं लागलं असतं: इथे फक्त मशीन लागणार, तेव्हा ताबडतोब उघड, पण स्वतःची चिठ्ठी परत आली तर तितक्याच ताबडतोब मीट. अठ्ठेचाळीस दारं, तासाभराचं काम. मी एक ओळ लिहिली. मशीन चालू झालं. मोठे डॉक्टर म्हणाले, "बघा, झालं ना?" मी डायरीत लिहिलं, रविवारी येऊन नीट करणे. त्या रविवारी तळघरातली पाण्याची टाकी फुटली आणि मी दिवसभर गुडघाभर पाण्यातून यंत्रं उचलत होते. पुढचा रविवार आला आणि गेला. मग मी विसरले. विसरले म्हणजे अगदी साफ विसरले, सहा वर्षं.

मी ती ओळ काढली, सोय चालू केली आणि त्या पानाची छपाई करून टेबलाच्या खणात ठेवली. खरं सांगायचं तर ती कुणाला दाखवायची असं तेव्हा ठरवलं नव्हतं. ती भाषा या इमारतीत माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, हाही विचार मनात येऊन गेला. आला तो चटकन गेलाही नाही.

गुरुवारी मावशींना निलंबनाचा कागद मिळाला. नेटवर्कच्या साहित्याला परवानगीशिवाय हात लावल्याबद्दल. सोमवारी चौकशी. तो कागद घेऊन त्या माझ्याकडे तळघरात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"ताई, मला समजेल असं सांगा," त्या म्हणाल्या. "ते टोक पायात येत होतं. आदल्या दिवशी धाकट्या सिस्टर अडखळल्या, हातात सुया होत्या त्यांच्या. मी म्हटलं, कुणीतरी तोंडावर आपटेल. मोकळं भोक दिसलं, बरोब्बर बसत होतं, बसवलं. एवढ्याने माणूस मरतो?"

"मावशी, तुमची चूक नाही," मी म्हणाले.

"मग कुणाची?"

मी म्हणाले, "बघते मी." खण माझ्या मांडीला लागून होता.

त्यांनी हातातला कागद उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "माझी सून विचारते, आई, तुम्ही नक्की काय तोडलंत? काय सांगू तिला? मी काही तोडलंच नाही. मी तर जोडलं." आणि कागदाची घडी घालून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी घरी जेवायला बसले. माझा नवरा शाळेची बस चालवतो. दिवसभर साठ पोरांचा गोंगाट ऐकून आलेला असतो, त्यामुळे घरात मोजकंच बोलतो. त्याने माझ्या ताटाकडे बघितलं.

"अगं, जेवतेयस की ताटाला घास मोजून दाखवतेयस?"

मी त्याला सगळं सांगितलं. डायरी, टाकी, ती ओळ, मावशी. तो ऐकत राहिला. हात ताटातच सुकला त्याचा.

"सांगितलं तर नोकरी जाईल?" त्याने विचारलं.

"जाऊ शकते."

"हं." त्याने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "मी तुला सांग म्हणणार नाही आणि सांगू नको असंही म्हणणार नाही. उद्या तू मला म्हणशील, तुमच्यामुळे केलं. ते मला नको."

"अहो, मग उपयोग काय तुम्हाला विचारून?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस." तो उठला, हात धुऊन आला आणि माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून म्हणाला, "त्या मावशींना झोप लागत असेल का गं?"

तरीही शुक्रवार मी तसाच घालवला. शनिवारी प्रशासक साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि छापलेलं पान त्यांच्यासमोर ठेवलं. माणूस वाईट नाही. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"मला यातलं अक्षर कळत नाही," ते म्हणाले.

मी समजावून सांगितलं. ते खिडकीतून बाहेर बघत ऐकत होते.

"वायरताई, मावशींना फार काही होणार नाही. ताकीद देऊ, वॉर्ड बदलू, प्रकरण मिटेल. तुमचं हे बाहेर आलं तर हॉस्पिटलची चूक ठरते. एक बाई चुकली आणि हॉस्पिटल चुकलं, यात फरक आहे. तुम्ही हे मला सांगितलंच नाही, असं आपण समजू या."

"तुम्ही समजा, साहेब," मी म्हणाले. "मला तसं समजता येत नाहीये. मी सोमवारी येते."

"तुम्हाला बोलावलेलं नाही."

"केबल मीच शोधली. न बोलावता आले तरी कुणी हाकलणार नाही."

सोमवारी सभेच्या खोलीत लांब टेबलाच्या एका बाजूला प्रशासक साहेब, वॉर्डाचे मुख्य डॉक्टर आणि मेट्रन बसले होते. समोर गेलेल्या गृहस्थांची मुलगी एकटीच. मावशी टेबलाशी नव्हत्या, दाराजवळच्या खुर्चीत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मेट्रननी घटना वाचून दाखवली. मग साहेबांनी मावशींना विचारलं, काही म्हणायचंय का? मावशींनी मान हलवली. नाही.

"मला म्हणायचंय," मी उभी राहिले.

किती वेळ बोलले आठवत नाही. मशीन, मोठे डॉक्टर, ती एक ओळ, विसरलेला रविवार, आणि मंगळवारी खात्रीच्या भरात वाया घालवलेला तास. काही गाळलं नाही.

मुलीने मावशींकडे बोट केलं. "म्हणजे यांनी ती लावली नसती, तर झालं नसतं?"

"त्या दिवशी झालं नसतं. पण आणखी कधीतरी आणखी कुणीतरी लावलीच असती. लावली तरी काही व्हायला नको होतं. म्हणून तर ती सोय असते. ती मी बंद केली होती."

"का?"

"अर्ध्या मिनिटासाठी."

तिने ते शब्द ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटल्यासारखं केलं. मग डॉक्टरांकडे वळली. "बाबा वाचले असते?"

"सव्वादहाला आकडा हातात असता तर मी तेव्हाच इंजेक्शन सुरू केलं असतं," डॉक्टर म्हणाले. "त्याने बरेच पेशंट सावरतात. सगळे नाही. तुमचे वडील कोणत्या बाजूला गेले असते, ते मला माहीत नाही. हो म्हटलं तर खोटं होईल, आणि नाही म्हटलं तरी खोटंच."

ती उठली, पर्स उचलली आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेली.

मावशींचं निलंबन तिथेच रद्द झालं. बाहेर पडताना मी त्यांना गाठलं. वाटलं होतं, त्या रडतील, नाहीतर हात हातात घेतील. त्यांनी सरळ विचारलं, "मी गुरुवारी तुमच्याकडे आले होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

"बुधवार," त्या म्हणाल्या. बोटांवर मोजलं त्यांनी, माझ्यासमोर. "चार दिवस मी घरात बसून होते, ताई. चार दिवस मी त्या माणसाला मारलं असं समजून." आणि जिन्याकडे वळल्या. आजही दिसल्या की बोलतात. पाणी संपलं, दिवा गेला, एवढंच. पूर्वी माझ्या कामाच्या गोंधळावरून माझी टिंगल करायच्या, ती बंद झाली ती झालीच.

माझी नोकरी गेली नाही. माझ्याकडचा कारभार काढून घेतला आणि बाहेरून एक इंजिनिअर माझ्यावर आणून बसवला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण कामात चोख. कुठल्याही स्विचमधली एक ओळ जरी बदलायची असली तरी आता दोघांच्या सह्या लागतात, आणि बदल का केला हे साध्या भाषेत लिहावं लागतं, साहेबांना कळेल असं. हा नियम मीच सुचवला. आम्ही दोघांनी मिळून तीन आठवडे पाचही मजल्यांची दोनशे चाळीस दारं एकेक करून तपासली. चौथ्या मजल्यावर आणखी दोन चुका सापडल्या. त्यातली एक माझीच.

सहाव्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, तळघराच्या दारात त्या गृहस्थांची मुलगी उभी राहिली. केस ओलसर होते, बहुधा तलावावरून सरळ आली होती.

"माफ केलं म्हणायला नाही आले," तिने आधीच सांगून टाकलं. "मला बघायचंय."

"काय?"

"काय झालं होतं ते. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं, पण मला दिसत नाही. डोळे मिटले की नुसता पडदा दिसतो."

मी वर नव्या इंजिनिअरला फोन करून परवानगी मागितली. त्याने क्षणभर विचार केला आणि हो म्हणाला. मी खणातून एक केबल घेतली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. चौदा नंबरच्या खाटेवर एक तरुण पेशंट मोबाइल बघत पडला होता. टेबलापाशी एक सिस्टर तापाचे आकडे भरत होत्या. मी तिला टेबलाखालची दोन सॉकेटं दाखवली आणि केबल तिच्या हातात दिली.

"एक टोक इथे. दुसरं तिथे."

ती खाली बसली, पण हात पुढे होईना. "परत बंद पडेल सगळं?"

"नाही."

"खात्री आहे?"

"त्या दिवशीही खात्रीच होती," मी म्हणाले. "म्हणून आता खात्री धरत नाही, तपासते. काल संध्याकाळी हेच दोघांनी मिळून करून पाहिलंय."

तिने एक टोक बसवलं. खट्. दुसरं बसवलं. खट्. आणि टेबलावरच्या स्क्रीनकडे बघत राहिली. सिस्टरांनी पुढचा आकडा भरला. त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मी तिला अरुंद खोलीत नेऊन कपाट उघडलं. एकतीस नंबरचा दिवा विझलेला होता. बाकीचे आपापले लुकलुकत होते.

"हा बंद झाला?"

"हो. स्वतःची चिठ्ठी परत आली, आणि त्याने दार मिटलं."

"इतकंच?"

"इतकंच."

ती त्या विझलेल्या दिव्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही टेबलाखाली शिरलात ना, मी बघत होते. मला एवढा राग आला होता. इथे माझे बाबा चाललेत आणि ही बाई खाली काय शोधतेय. कुणाचं पेन पडलंय की काय."

मी परत जाऊन केबल काढली, ती बाजूला उभी राहिली.

निघताना ती दारात थांबली. "एक विचारायचं राहिलं. बाबांचा चष्मा आम्हाला मिळाला नाही. कपडे, घड्याळ, सगळं दिलं, चष्मा नाही. तीनदा फोन केला, कुणी नीट सांगत नाही."

हे माझं काम नव्हतं, पण राहिलेल्या वस्तू कुठे ठेवतात ते मला ठाऊक होतं. आम्ही तळमजल्यावरच्या भांडारात गेलो. भांडारवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या, माझ्याकडे बघितलं आणि एक पुठ्ठ्याचं खोकं पुढे सरकवलं. त्यात नऊ-दहा चष्मे होते, काही नुसतेच, काही डब्यांत. ती खोक्यावर वाकली. एकेक उचलून उजेडात धरला, काड्या उघडून बघितल्या, बाजूला ठेवला. सहावा हातात आला आणि ती थांबली. उजव्या काडीच्या बिजागरीला बारीक तार पिळून बसवलेली होती, मापात, टोक आत दुमडून.

"हा," ती म्हणाली. "नवा घ्या म्हणून मी मागे लागायचे. ते म्हणायचे, काटे नीट करणारा मी, मला हे जमणार नाही?"

भांडारवाल्याने वही पुढे केली. तिने सही केली. चष्मा तिने पर्समध्ये टाकला नाही, हातातच ठेवला, काचांना बोटं लागणार नाहीत असा.

"येते," ती म्हणाली, सवयीने. मग स्वतःच थबकली आणि मान हलवली. "नाही. इथे परत नाही येणार मी."

मी दारापर्यंत तिच्याबरोबर गेले. बाहेर ऊन होतं. ती पायऱ्या उतरून फाटकाकडे चालत गेली, आणि भांडारवाला मागून म्हणाला, "वायरताई, आता आलाच आहात तर माझा प्रिंटर बघता का जरा? सकाळपासून बंद आहे."